मदत हवी आहे: पंपचालक संघटनेचा ठराव सभासदावर कितपत बंधनकारक असतो?

नमस्कार.

पलूस तालुक्यातील आमचा पेट्रोल पंप गेल्या वर्षापासून मी पाहते. त्याआधी तो वडील पाहत असत आणि पंपचालकांच्या बैठकांनाही तेच जात. संघटना हवीच, हे मला मान्य आहे. ४ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, डिझेलवरचे केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी उतरले, तेव्हा दिवाळीसाठी जुन्या दराने भरून ठेवलेले १२,००० लिटर डिझेल आमच्या टाकीत होते. वडिलांनी डिपरॉड, म्हणजे टाकीतील पातळी मोजायचा गज, बाहेर काढला, त्यावरच्या ओल्या रेषेवर बोट ठेवले आणि "इथपर्यंतचे एक लाख वीस हजार रात्रीत गेले" एवढेच म्हणाले. अशा तोट्याबद्दल एकट्या डीलरचे कोण ऐकणार? मे २०२२ मध्ये शुल्क पुन्हा उतरले आणि ३१ मे रोजी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील पंपचालकांनी एक दिवस माल उचलला नाही, तेव्हा कुठे त्याची चर्चा झाली. कमिशनही २०१७ नंतर थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढले, तेही संघटनांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून.

आता अडचण सांगते. गळीत हंगाम तोंडावर असताना, आमच्या परिसरातील संघटनेच्या बैठकीत असे ठरले की, कोणीही ऊस वाहतूकदारांना उधारीवर डिझेल देऊ नये, लिटरमागे सवलतही देऊ नये आणि जो देईल त्याचे सभासदत्व रद्द करावे. उधारी बुडते हे खरेच आहे. गेल्या हंगामातील दोन ट्रॅक्टरमालकांची पाने आमच्या वहीत अजून उघडीच आहेत. परंतु कारखान्याचे पहिले बिल हाती येईपर्यंत थांबा म्हणणारी, वीस वर्षे नियमित पैसे देणारी गिऱ्हाइकेही आमच्याकडे आहेत. संघटनेला असे ठरवण्याचा अधिकार आहे का, आणि सभासदत्व न सोडता मला नकार देता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, मी सातारा जिल्ह्यात पंप चालवतो आणि काही वर्षे संघटनेचे कामही पाहिले आहे. कोणाची उधारी बुडाली हे बैठकीत एकमेकांना सांगणे, सावध करणे, इथवर ठीक आहे. मात्र उधारी द्यायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या धंद्याचा निर्णय आहे. सवलतीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. एकाच धंद्यातील लोकांनी मिळून भाव ठरवणे किंवा पुरवठा आवळणे हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली येते आणि संघटनेचा निर्णयही त्यातून सुटत नाही. आपला विक्रीदर कंपनी ठरवते, १६ जून २०१७ पासून तो रोज सकाळी सहाला जाहीर होतो. म्हणजे दोन शेजारच्या पंपांत चुरस उरते ती सेवेत, मापात आणि अशा सवलतीतच. तीच सर्वांनी मिळून बंद केली, तर भाव ठरवण्याहून ते वेगळे कसे?

इतिवृत्ताची प्रत मागा, आपला विरोध लेखी नोंदवा आणि सभासदत्व रद्द करण्यापूर्वी नोटीस द्यावी लागते का, हे संघटनेच्या घटनेत पाहा. (टँकरमधील घट आणि पावसाळ्यात इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या टाकीत शिरणारे पाणी, या विषयांवर आमच्याकडे तासभरही बैठक चालत नाही; उधारीवर मात्र रात्र होते.)

मूळ धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. इतिवृत्ताची प्रत आज मिळाली. त्यात "सर्व सभासदांनी व्यवसायात शिस्त पाळावी" एवढेच लिहिले आहे. सवलतीचा उल्लेखच नाही. मग माझा विरोध नेमका कशाला नोंदवू?

प्रतिसाद

जे तोंडी ठरले, त्यालाच नोंदवा. समजूत लेखी नसली तरी हा कायदा तिला करारच मानतो. बैठकीची तारीख घालून अध्यक्षांना पत्र द्या आणि पोच घ्या.