अमेरिकेत अजून डायल-अप: नाइलाज की सवय?

तांब्याची_तार (धागाकर्ता)
एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने 30 सप्टेंबर 2025 ला डायल-अप (फोनच्या तारेवरून नंबर फिरवून जोडायचं इंटरनेट) बंद केलं तेव्हा बहुतेकांचा सूर एकच होता: "ही माणसं इतकी वर्षं बदलली का नाहीत?" अमेरिकी जनगणना विभागाच्या 2023 च्या अंदाजात फक्त डायल-अपवर असलेली घरं सुमारे 1 लाख 63 हजार होती. त्यांना हट्टी ठरवण्याआधी त्यांच्या दारातली तार बघा.

एक्स्चेंजपासून 18,000 फुटांपेक्षा (साधारण साडेपाच किलोमीटर) लांब जाणाऱ्या तांब्याच्या जोडीवर आवाज क्षीण होऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर, बहुधा दर 6,000 फुटांवर, 88 मिलिहेन्रीच्या कॉइल (तारेची वेटोळी) बसवतात. त्या 300 ते 3,400 हर्ट्झचा आवाज स्वच्छ पोचवतात आणि त्यावरचं सगळं अडवतात. डीएसएल, म्हणजे त्याच फोनच्या तारेवरचं वेगवान इंटरनेट, चालतं नेमकं त्या वरच्या पट्ट्यात. मोडेम आवाजाच्याच पट्ट्यात बोलतो, म्हणून तो चालतो. कॉइल काढून टाका म्हणाल, तर फोनचा आवाज दबतो, आणि एवढ्या अंतरावर डीएसएल तरीही धड चालत नाही. यात सवयीचा संबंध कुठे आला?

महाराष्ट्रात डायल-अप मागे पडलं, कारण आधी ब्रॉडबँड आणि मग मोबाइल टॉवर गावोगाव पोचले. वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीभोवती 1958 पासून रेडिओ लहरींचं शांत क्षेत्र आहे, तिथे टॉवरवरच बंधनं आहेत.

आकडेमोड
कॉइलचं बरोबर आहे, पण ती 2005 सालची अडचण झाली. तेव्हा पर्याय होता 35,786 किलोमीटरवरचा उपग्रह, अर्ध्या सेकंदाहून जास्त विलंबाचा. आता इंटरनेट देणारे स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटर किंवा त्याहून खाली आहेत. तुमची तार कितीही लांब असो, आकाश सगळ्यांना सारखंच.

शिवाय डायल-अपवर आज होतं काय? 45 केबीपीएसने अडीच एमबीचं एक पान उघडायला साडेसात मिनिटं. 500 एमबीचा अपडेट उतरवायला 24 तासांहून जास्त, तेही लाइन एकदाही न तुटता. म्हणून अपडेट होतच नाहीत. मग जुन्या ब्राउझरला टीएलएस 1.2 (सुरक्षित जोडणीची पद्धत) कळत नाही आणि बँकेचं पान उघडतच नाही. अशी जोडणी जपा म्हणणं म्हणजे त्या घरांचं नुकसान आहे.

तांब्याची_तार
आकाश सारखं नसतं हो. डोंगराच्या कुशीत, उंच झाडांखाली स्टारलिंकच्या डिशची जोडणी दर काही मिनिटांनी तुटते. वीजही बघा. साधी डिश 75 ते 100 वॉट घेते, म्हणजे दिवसाला दोन युनिटच्या आसपास. सोलरवर चालणाऱ्या घराला ते जड जातं.

आणि पैसे. महिन्याला 30 डॉलरची सूट देणारी सरकारी योजना निधी संपल्यामुळे 1 जून 2024 ला बंद झाली. उरली लाइफलाइन ही दुसरी सरकारी सूट, इंटरनेटसाठी 9.25 डॉलरची. ज्या घराला दिवसातून एकदा ईमेल बघायची आहे, त्याने काय करावं?

लाइन_तपासनीस
जी घरं आज डायल-अपवर आहेत त्यांना लगेच कामी येईल ते सांगतो. अमेरिकेत 56के मोडेमची खरी कमाल मर्यादा 53.3 केबीपीएस आहे, लाइनवर किती ताकदीने सिग्नल पाठवायचा याच्या नियमामुळे. 28.8 च्या आसपासच अडकत असाल तर वाटेत बहुधा जादा डिजिटल रूपांतर होतंय. मोडेम बदलून ते सुटत नाही.

खरखर असेल तर घराबाहेरच्या भिंतीवरची करडी पेटी उघडा, टेस्ट जॅकची पिन काढून तिथे साधा फोन लावा. एक आकडा दाबला की डायल टोन थांबतो. मग कान देऊन ऐका. तिथे शांतता असेल तर दोष घरातल्या वायरिंगचा. तिथेही खरखर असेल तर तक्रार कंपनीकडे.

कॉल वेटिंगच्या 'टिक'ने जोडणी तुटते, म्हणून नंबरच्या आधी *70 आणि स्वल्पविराम घाला. लाइन सारखी पडत असेल तर मोडेमची व्ही.90 ही 56केची पद्धत बंद करून व्ही.34 या जुन्या, संथ पद्धतीवर जोडा. वेग कमी होतो, पण टिकतो. मेल ब्राउझरमध्ये उघडू नका. मेल प्रोग्रॅममध्ये आधी फक्त शीर्षकं उतरवा आणि 50 केबीहून मोठे संदेश सर्व्हरवरच राहू द्या.

आकडेमोड
सूचना उत्तम आहेत, पण तांब्याची तारच काढून टाकली तर? कंपनी त्या जागी व्हीओआयपी (इंटरनेटवरून फोन) पेटी देते, आवाज पाकिटांत तोडून पाठवते. एखादं पाकीट हरवलं तर माणसाच्या कानाला कळत नाही, मोडेमची मात्र जोडणी तुटते. म्हणून कंपनीचं तांबं काढण्याचं पत्र येण्याआधीच दुसरी सोय बघा, एवढंच माझं म्हणणं.

लाइन_तपासनीस
मान्य. तोवर एक काळजी घ्या. एओएल बंद झाल्यावर दुसरा पुरवठादार घेताना त्याचा नंबर तुमच्या स्थानिक हद्दीत आहे का, हे फोन कंपनीलाच विचारा. एरिया कोड सारखा असला तरी तो कॉल लांब पल्ल्याचा ठरू शकतो आणि मिनिटाप्रमाणे बिल लागतं.