८२ टक्के आणि आयटीआय: "मुलगा वाया जाईल" लिहिणाऱ्या ताईंना

एसीवाला_कळवा

काल ठाण्यातल्या ढोकाळीच्या एका ताईंनी इथे लिहिलं की मुलाला दहावीला ८२ टक्के आहेत आणि तो आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड घेणार म्हणून हटून बसलाय. "कुणीतरी समजवा, मुलगा वाया जाईल." खाली तीस-चाळीस जणांनी सल्ले दिले. कुणी समुपदेशकाकडे न्या म्हणालं, कुणी मोबाइल काढून घ्या म्हणालं. त्याला हे का करायचंय, हे एकानेही विचारलं नाही.

मी त्याच ट्रेडचा. बावीस वर्षं झाली. "वाया" हा शब्द रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

ताई, गेल्या आठवड्यात माजिवड्याला एका घरी गेलो. दोन वर्षांत तिघांनी त्या एसीत गॅस भरून पैसे नेले होते. मी नायट्रोजनचं प्रेशर दिलं, साबणाचं पाणी लावलं, तर आतल्या युनिटच्या मागे, नळीचं पसरट तोंड (फ्लेअर) आवळणाऱ्या नटपाशी मोहरीएवढे बुडबुडे. नट उघडला, आत केसाएवढी चीर. नळी कापली, नवा फ्लेअर मारला, पंप लावून पाऊण तास व्हॅक्यूम काढला आणि मग सिलिंडर काट्यावर ठेवून ग्रॅमच्या हिशोबाने गॅस सोडला. हल्लीच्या बऱ्याच एसीत आर-३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, म्हणून आधी खिडक्या उघडल्या. या कामाला दाब, तापमान, विजेचं सर्किट सगळं कळावं लागतं. ८२ टक्केवाल्या पोराचं डोकं इथे वाया जात नाही, इथे ते पुरं पडलं तरी खूप.

आणि पुढची दारं बंद होतात हेही खरं नाही. दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ऐरोली, रबाळे, महाप्यात डेटा सेंटरं उभी राहिलीत. तिथलं कूलिंग बंद पडलं तर काही मिनिटांत सर्व्हर तापतात. रात्री तीन वाजता तिथे जो माणूस लागतो तो आमच्या ट्रेडचा असतो.

रबाळे_फिटर

दादा, तुम्ही तुमच्या दुकानाचं सांगताय, ट्रेडचं नाही.

मी फिटर. दोन वर्षं आयटीआय, एक वर्ष अप्रेंटिस. अप्रेंटिस संपली त्या दिवशी दुपारी गेटपास काढून घेतला. शिकवलेल्या मुलाला कामावर ठेवायलाच हवं अशी सक्ती कंपनीवर नसते. त्यानंतर सात वर्षं ठेकेदाराकडे. अकरा महिने काम, मग ब्रेक, मग त्याच मशीनवर नव्या ठेकेदाराच्या नावाने. हातात सतरा हजार. शेजारचे पर्मनंट काका तेच काम करून माझ्या अडीचपट घ्यायचे. ते रिटायर झाले तेव्हा वाटलं आता आपला नंबर. त्यांच्या जागी ठेकेदाराचा अजून एक पोरगा आला.

आयटीआय केलेला मी आणि काहीच न शिकलेला हेल्पर, दोघांच्या पगारात दीड हजाराचा फरक. तीन वर्षं शिकल्याची किंमत दीड हजार. पाठवायचं तर पाठवा मुलाला, पण हे सांगून पाठवा.

मेकॅनिकल_कोपरी

फिटर भाऊ, मग डिग्रीचंही ऐका. वडिलांनी गावची जमीन गहाण टाकून मला मेकॅनिकल इंजिनिअर केलं. कॅम्पसला दोन कंपन्या आल्या, दोन्ही सॉफ्टवेअरच्या. आज मी वागळे इस्टेटच्या एका आयटी पार्कात लोकांच्या तक्रारींची तिकिटं बंद करतो. १९६२ ला एमआयडीसी सुरू झाली ती याच वागळे इस्टेटपासून. माझे मामा तिथे टर्नर होते. मामांनी त्या एका पगारात लोकमान्य नगरला खोली घेतली आणि दोन बहिणींची लग्नं केली. मी इंजिनिअर होऊन भाड्याने राहतो. चार वर्षांत मशीनला हात लावला तो प्रॅक्टिकलच्या दिवशी, तोही सहा जणांत मिळून.

रबाळे_फिटर

मामांची नोकरी पर्मनंट होती म्हणून खोली झाली. टर्नर होते म्हणून नाही. हेच तर मी सांगतोय.

एसीवाला_कळवा

ठेकेदारीवर माझ्याकडे उत्तर नाही. हा मुद्दा तुमचा, मान्य. माझं एवढंच म्हणणं की फिटरला कंपनीच लागते, आमच्या ट्रेडला घराघरात काम आहे. मी सहा वर्षं दुसऱ्याकडे राबलो, मग स्वतःचं टाकलं.

नौपाडा_जुना रहिवासी

विषय निघालाच आहे तर बोलतो. दर मार्चमध्ये तुमच्यापैकी एक जण येतो, गेज लावतो आणि म्हणतो, "काका, गॅस कमी झालाय." अडीच हजार. पुढच्या मार्चला पुन्हा तेच. माझ्या पेन्शनमधून जातात हे पैसे. एवढ्या वर्षांत एकाने साधी पावती दिली नाही. या धंद्यात मुलं पाठवा म्हणता, आधी धंदा स्वच्छ करा.

एसीवाला_कळवा

काका, तुमचा राग शंभर टक्के बरोबर. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न काढता गॅस भरणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणं. पुढच्या वेळी सांगा, "आधी लीक दाखव, मग पंप लाव." पंप आणलाच नसेल तर चहा पाजून परत पाठवा. खाडीच्या किंवा नाल्याच्या कडेला इमारत असेल तर कॉइल लवकर खराब होते, नाल्याच्या वायूने तांबं काळं पडतं. तीही एकदा उजेडात बघून घ्या.

पण काका, हे लोक आले कुठून? चार महिने कुणाच्या मागे पिशवी धरून फिरले आणि मेकॅनिक झाले. शिकलेली पोरं या ट्रेडला येऊ दिली नाहीत तर तुमच्या दारात तेच येत राहणार.

सेक्रेटरी_घोडबंदर रोड

मीही या ताईंच्याच बाजूने आहे, पण कारण वेगळं. आमची इमारत बावीस मजली. गेल्या मेमध्ये सतराव्या मजल्यावर एक पोरगा खिडकीतून बाहेर पडून आउटडोअर युनिटच्या छज्जावर उभा होता. पायात स्लिपर. कमरेला काही नाही. आतून दुसऱ्याने त्याचा शर्ट धरलेला. समोरच्या इमारतीतून बायका ओरडत होत्या. त्यानंतर कमिटीने नियम केला: मेकॅनिकने लेखी द्यायचं की अपघात झाला तर सोसायटी जबाबदार नाही, मगच गेटमधून आत. मला सांगा, कुठली आई मुलाला या कामाला पाठवेल?

एसीवाला_कळवा

सेक्रेटरी साहेब, तो कागद मी पाहिलाय. अशा पंधरा-वीस कागदांवर सही केलीय. कागदाने पडणारा माणूस वाचत नाही, तुम्ही वाचता.

तो छज्जा कुणी बांधला? दीड फूट रुंदीचा, कठडा नाही, दार नाही, खिडकीतून पाय टाकूनच जायचं. बेल्ट माझ्याकडे आहे, पूर्ण अंगाचा हार्नेस आहे. हुक कशाला लावू? तुमच्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या ट्रॅकला? भिंतीत अँकर नाही, गच्चीवर दोर बांधायला रिंग नाही, आणि गच्चीची चावी वॉचमनकडे नसते, ती तुमच्याकडे असते. तुम्ही ऑफिसला.

सेक्रेटरी_घोडबंदर रोड

इमारत बिल्डरने बांधली, मी नाही. चावीचा नियमही सुरक्षेसाठीच आहे. तुम्हा लोकांना स्वतःच्या जिवाची काळजी नाही आणि दोष आम्हाला. बेल्ट असूनही न लावणारे मी स्वतः पाहिलेत.

एसीवाला_कळवा

काळजी नाही?

मे महिना होता, कामांची झुंबड. माझा हेल्पर एकोणीस वर्षांचा. पाचवा मजला. ग्राहकाला मी सांगितलं होतं की जुना लोखंडी ब्रॅकेट गंजलाय, नवा लावू आणि मचाण बांधून काम करू, अडीच हजार जास्त होतील. ते म्हणाले, दुसरा मेकॅनिक साडेचारशेत करतोय. महिन्याचं दुकानभाडं द्यायचं होतं. मी हो म्हटलं. ती चूक माझी, बाकी कुणाची नाही.

ब्रॅकेट एका बाजूने तुटला. पोरगा युनिटसकट खाली आला, मधे दुसऱ्या मजल्याच्या पत्र्याच्या शेडवर आदळला म्हणून जगला. कमरेचं हाड, दोन ऑपरेशनं. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेलो असताना त्या ग्राहकाचा फोन आला. मला वाटलं पोराची चौकशी करतायत. ते म्हणाले, "एसी मग कधी लागणार?"

त्या दिवसापासून हुक नसेल तिथे बाहेर उतरत नाही. अर्धी गिऱ्हाइकं गेली. गेली तर गेली.

मेकॅनिकल_कोपरी

हे वाचून पाच मिनिटं काही सुचलं नाही. मी स्वतः गेल्या वर्षी तीनशे रुपयांसाठी घासाघीस केली होती. चौथा मजला होता. तो माणूस कसा उतरला हे मी पाहिलंसुद्धा नाही, मी मीटिंगमध्ये होतो.

रबाळे_फिटर

कंपनीत निदान सेफ्टी ऑफिसर ओरडायला असतो. हेल्मेट नाही तर गेटवर अडवतात. यात तुम्ही आमच्यापेक्षा वाईट आहात दादा, मला वाटलं उलटं असेल.

घणसोली_गावठाण

तुम्ही सगळे पगार आणि हुक यावर भांडताय. आमचं कुणी विचारलं का? ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी आली तेव्हा आमची भातशेती गेली, १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि उरलेलं गेलं. ९५ गावं. १९८४ ला जासईच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली तेव्हा कुठे भाव मिळाला, नंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत. आजोबांना कंपनीने हेल्पर म्हणून घेतलं, कारण हातात सर्टिफिकेट नव्हतं. ज्यांची जमीन तेच झाडू मारायला. बाहेरून आलेले फिटर, टर्नर त्यांना हुकूम सोडायचे. आजोबा म्हणायचे, "शेत गेलं, आथा हातान काय तरी पायजे."

बाबांच्या पिढीने साडेबारा टक्क्यांचे प्लॉट विकले, गाड्या घेतल्या, लग्नात लाखो उडवले. माझ्या चुलत भावांत एकाकडेही धंद्याचं शिक्षण नाही. मी एकट्याने वायरमन केलं, तारतंत्री परवाना, म्हणजे वायरिंगच्या कामाचा सरकारी परवाना, काढला. घरचे दोन वर्षं बोलत नव्हते, म्हणे जमीनदाराचा पोर लोकांच्या घरी बटणं लावतो. आज गावात सहा जणांना पगार देतो. शेती टिकली असती तर मी शेतीच केली असती, हेही सांगतो. पण ती निवड आमच्याकडे ठेवलीच नाही.

सेक्रेटरी_घोडबंदर रोड

जमिनीचा प्रश्न मोठा आहे, पण तो इथला नाही.

एसीवाले, तुमच्या हेल्परचं वाचलं. कागदाबद्दलचं तुमचं बोलणं मला आवडलेलं नाही, पण खोटंही म्हणता येत नाही. गच्चीवर अँकर रिंग बसवायला साधारण काय लागतं ते सांगा. सर्वसाधारण सभेत विषय ठेवतो. पास होईल असं म्हणत नाही. गेल्या सभेत लिफ्टच्या आरशावर दोन तास भांडलेत लोक.

एसीवाला_कळवा

आरसीसी बीममध्ये बसवायची, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून, आणि बसवल्यावर वजन टाकून तपासून घ्यायची. विटेच्या पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला, चुकूनही नाही. खर्चाचा अंदाज मी जागा बघून देईन, येण्याचे पैसे नकोत. चावी मात्र वॉचमनकडे ठेवा.

ढोकाळी_आई

ती पोस्ट माझी. कालपासून सगळं वाचतेय.

"वाया" लिहिलं त्याचं वाईट वाटलं असेल तर समजू शकते, पण मी का लिहिलं तेही ऐका. माझे वडील वागळे इस्टेटलाच पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. मी सातवीत असताना उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीने पंधरा दिवसांनी पुन्हा कामावर बोलावलं, वर्षभरात कंपनीच बंद. त्यानंतर बाबा डाव्या हाताने जेवायला शिकले ते मी समोर बसून पाहिलंय. मला माझा मुलगा खुर्चीवर बसलेला हवाय. यात कमीपणा मानण्याचा प्रश्न नव्हता, भीतीचा होता. आता हे वाचून भीती कमी झालीय असं अजिबात नाही, उलट वाढलीय.

पण त्याला हे का हवंय हे मी विचारलं नव्हतं, ते खरं. आज विचारलं. म्हणाला, आजोबांचा जुना फ्रिज मी उघडून चालू केला होता तेव्हा तू बघायलाही आली नव्हतीस.

आयटीआयचा फॉर्म भरतेय. अकरावीचाही भरणार, तो मी सोडणार नाही. यादी लागेल तेव्हा बघू. तो हा धागा वाचतोय, त्याला एकच विचारायचंय: तुमचा तो हेल्पर आता काय करतो?

एसीवाला_कळवा

माझ्या दुकानातच आहे. उंचीवर जात नाही, जिना चढताना अजून कठड्याला धरतो. इन्व्हर्टर एसीचे पीसीबी, म्हणजे आतले सर्किट बोर्ड, दुरुस्त करतो, भिंग लावून, सोल्डरिंग करून. मुंब्र्यापासून वाशीपर्यंतचे मेकॅनिक त्याच्याकडे बोर्ड घेऊन येतात. रविवारी सकाळी तो एकटा असतो, गर्दी नसते. मुलाला पाठवा, बंद बूट घालून. तुम्हीही या.