शस्त्रहिंसेचे बळी : 7,40,000 की 5,26,000?

कृष्णाकाठ (सांगली): कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तक्ता करतोय. शस्त्रहिंसा कमी करण्यासाठी अनेक देशांनी मिळून केलेल्या जिनिव्हा जाहीरनाम्याच्या 2008 च्या अहवालात जगात वर्षाला 7,40,000 बळी दिलेत, 2011 च्या अहवालात 5,26,000. तीन वर्षांत दोन लाखांनी घट, असं लिहू का?

अजिंक्यतारा: मुळीच नको, दोन्हीकडची बेरीजच वेगळी आहे. 2008 मध्ये युद्धात थेट 52,000, युद्धानं आलेल्या रोगराई-उपासमारीचे किमान 2,00,000 आणि युद्ध नसलेल्या भागांतले 4,90,000 धरलेत. 2011 मध्ये युद्धातले 55,000, खून 3,96,000, हेतू नसताना घडलेले मनुष्यवध 54,000, पोलिसी कारवाईत 21,000. रोगराईवाले दोन लाख या बेरजेत नाहीतच. ते वगळले तर फरक उरतो 16,000 च्या आसपास. शिवाय दोन्ही वार्षिक सरासऱ्या आहेत, 2004-07 आणि 2004-09 च्या. वर्षं एकमेकांवर चढलेली, त्यामुळे घट झाली असंही छातीठोक म्हणता येत नाही.

ते दोन लाख मोजून आलेले नाहीत, एका थेट मृत्यूमागे चार अप्रत्यक्ष असं ढोबळ प्रमाण लावलंय. दवाखाना बंद पडतो, लसी थांबतात, पाणी दूषित होतं, पेरणी चुकते. ही माणसं गोळीनं मरत नाहीत, म्हणून पोलिसांच्या नोंदीत सापडत नाहीत. तक्त्यात त्यांचा रकाना वेगळा ठेवा आणि वर 'अंदाज' लिहा.

कृष्णाकाठ: आणि 2008 च्या अहवालातला 163 अब्ज डॉलर हा युद्धांचा खर्च ना?

मिरज_जंक्शन: उलट आहे. युद्ध नसलेल्या भागांतल्या मृत्यूंमुळे बुडालेली कमाई 95 ते 163 अब्ज, एवढंच. जखमींचा दवाखाना, अपंगत्व, कोर्टकचेरी यात नाही. लिहिताना 16,300 कोटी डॉलर लिहा. '163 कोटी' ही चूक सर्रास होते.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावचे पहिल्या महायुद्धात 46 जण कामी आले. त्यांच्या घरची शेती पुढं कुणी कसली, हे अशा हिशेबात येत नाही. तक्त्यावर ही ओळ घ्याच.

अजिंक्यतारा: नुसते लाख बघून कुणाला काही कळत नाही, दर लाख लोकांमागे वर्षाला किती बळी, तो दर द्या. 2011 च्या अहवालात जगाचा 7.9 आहे, मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाचा 60 च्या वर. 2011 च्या जनगणनेनुसार सांगली जिल्हा 28 लाखांचा. म्हणजे जगाच्या दरानं वर्षाला सुमारे 220, एल साल्वादोरच्या दरानं जवळपास 1,700. खाली ठळक लिहा, हे गणित समजण्यापुरतं. जिल्ह्यातले खरे खून नव्हेत. नाहीतर कुणीतरी फोटो काढून तेवढंच पुढं पाठवेल.