२१०० रुपये आणि कर्जमाफी : बातम्यांतून खरं कसं शोधायचं?

प्रश्नचिन्ह
५ नोव्हेंबर २०२४ ला महायुतीने कोल्हापुरात दहा वचनं दिली. लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० चे २१०० आणि शेतकऱ्यांची कर्जमाफी, ही त्यातली दोन ठळक. सरकार आलं, १० मार्च २०२५ ला अर्थसंकल्पही झाला. आता या योजनेबद्दल एक बाजू म्हणते ‘३६ हजार कोटींची भरघोस तरतूद’, दुसरी म्हणते ‘१० हजार कोटींची कात्री’. अर्थसंकल्पाचं भाषण एकच. नेमकं काय समजायचं, आणि स्वतः तपासायचं तर कुठे?

हिशेबनीस
दोन्ही मथळे अर्धवट आहेत. महिन्यावर आणून बघा.

अर्थसंकल्पीय भाषणानुसार २०२४-२५ मध्ये खर्च ३३,२३२ कोटी. पण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, म्हणजे हप्ते नऊच. महिन्याला साधारण ३,६९२ कोटी पडले. २०२५-२६ साठी ३६,००० कोटी बारा महिन्यांना, म्हणजे महिन्याला ३,०००. ‘३३ वरून ३६, वाढ झाली’ म्हणणारा नऊ महिन्यांची तुलना बाराशी करतो.

‘१० हजारांची कात्री’वाले ४६,००० शी तुलना करतात. तो योजना जाहीर करतानाचा वर्षाचा अंदाज, खर्च नव्हे. झालेला खर्च बारा महिन्यांना ताणला तर ४४,३०० च्या आसपास येतो. तेव्हा घट सुमारे ८,३०० कोटींची. कात्री खरी, माप चुकलं.

आता २१०० चं. ३,००० कोटी भागिले १५०० म्हणजे २ कोटी महिला. २१०० ने भागलं तर १ कोटी ४३ लाख. भाषणात लाभार्थी सांगितल्या २ कोटी ५३ लाख. नमो शेतकरी सन्मान या शेतकऱ्यांच्या योजनेचे पैसे मिळणाऱ्यांना यातून फक्त ५०० मिळतात, त्याने थोडा फरक पडतो, पण गणित जुळण्याइतका नाही. या तरतुदीत २१०० नाहीतच. १५०० सुद्धा सगळ्यांना पुरवायचे तर नावं गाळावी लागतील किंवा पुरवणी मागणी (अर्थसंकल्पानंतर विधिमंडळाकडे मागितलेला जादा पैसा) आणावी लागेल. ‘जाहीरनामा पाच वर्षांचा असतो’ हे सरकारचं उत्तर. ते खोटं म्हणता येणार नाही, पण प्रचारसभेत ‘पाच वर्षांत कधीतरी’ असं कोणी म्हणत नव्हतं.

जुनी_शाई
पक्षपात खोट्या आकड्यात क्वचित असतो, तो क्रियापदात असतो. जाहीर केले, मंजूर केले, तरतूद केली, वितरित केले, खात्यात जमा झाले : या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत आणि बातमीत पाचही ‘दिले’ होऊन येतात. एकाच पैशाची बातमी पाच वेळा होते ती अशी. बातमी वाचताना आधी क्रियापदाखाली रेघ मारा.

दुसरी खूण. बातमीतलं एक लांब वाक्य अवतरण चिन्हांत टाकून गूगलवर शोधा. चार ठिकाणी जसंच्या तसं सापडलं तर ते सरकारच्या माहिती व जनसंपर्क खात्याचं किंवा पक्षाचं प्रसिद्धिपत्रक आहे, वार्ताहराने काही विचारलेलं नाही. आणि कुठल्या पेपरला कोण जाहिरात देतं हे त्याच अंकात मोजता येतं. सरकारी जाहिरातींवर जगणारा जिल्हा दैनिकवाला ‘कात्री’ लिहायला कचरतो. विरोधकांकडे कललेले पेपर उलट्या बाजूने तेच करतात, ते काही सोवळे नाहीत.

वृत्तपत्राविरुद्ध तक्रार करायची तर आधी संपादकाला लेखी पत्र. दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिल (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था). दैनिक-साप्ताहिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत असते, बहुतेकजण तिथेच चुकतात.

सातबारा
कर्जमाफीबद्दल. वचनात तारीख नाही, मर्यादा नाही, म्हणून ते मोडलं हे सिद्धही करता येत नाही. खऱ्या कर्जमाफीच्या शासन निर्णयात काय असतं ते बघा. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा आणि थकबाकीची तारीख ३० जून २०१६. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत दोन लाख, १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ दरम्यान घेतलेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेलं पीककर्ज. रक्कम आणि तारीख, दोन्ही छापलेलं दिसेपर्यंत ती कर्जमाफी नव्हे.

२०२५ मध्ये तर तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २८ मार्चला बारामतीत सांगितलं की ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा. माफीच्या आशेने भरणा थांबवणाऱ्याचं खातं थकतं, व्याज सवलत जाते आणि नवं कर्ज अडतं. अशा वेळी ‘लवकरच दिलासा’ छाप बातमी निरुपद्रवी नसते.

शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर विभागानुसार मिळतात. शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे तारीख (२०२४०६२८ म्हणजे २८ जून २०२४). व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर संकेतांक नसेल किंवा तारखेशी जुळत नसेल तर पुढे पाठवू नका.

प्रश्नचिन्ह
धन्यवाद. वचन पाळलं नाही म्हणून कोर्टात नाही का जाता येत?

हिशेबनीस
सुप्रीम कोर्टाने जुलै २०१३ मध्ये, तमिळनाडूच्या प्रकरणात, जाहीरनाम्यातलं आश्वासन निवडणूक कायद्यातल्या ‘भ्रष्ट आचरणा’त मोडत नाही असं सांगितलंय. त्यानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्याचा भाग घातला : पैसा कुठून आणणार ते ढोबळमानाने सांगा. तेवढंच.

त्यापेक्षा जूनअखेर पावसाळी अधिवेशनाच्या पुरवणी मागण्या उघडा, महिला व बालविकास विभाग काढा. २१०० मधल्यामध्ये सुरू करायचे झाले तर ६०० च्या फरकाला महिन्याला चौदाशे-पंधराशे कोटी लागतात. एवढा आकडा लपत नाही. नसेल तर डिसेंबरात नागपूरला पुन्हा.