मदत हवी आहे: पालखीत चालणारा स्पॅनिश-कोरियन दुभाषा कुठे मिळेल?

राम राम मंडळी. जळगावात माझा सहलींचा छोटा व्यवसाय आहे. स्पेनमधल्या सान्तियागोच्या पदयात्रेत ओळख झालेले काही स्पॅनिश आणि कोरियन पाहुणे एकत्र येताहेत. त्या वाटेवर आशियातून सगळ्यात जास्त कोरियन लोकच चालतात, तशीच यांचीही मैत्री जमलेली. त्यांना मुक्ताईनगरहून मुक्ताईच्या पालखीबरोबर पहिले दोन मुक्काम चालायचं आहे, मग अजिंठा. बहुतेकांची साठी उलटलेली, इंग्रजी जेमतेम.

अजिंठ्याची काळजी नाही. गाईड इंग्रजीत बोलेल, दोन दुभाषे आपापल्या लोकांना सांगतील. (लेणी सोमवारी बंद असतात, ते धरूनच तारखा ठरवतोय.) प्रश्न वाटचालीचा आहे. चालताचालता या मित्रांना एकमेकांशी बोलायचं असतं. स्पॅनिशचं इंग्रजी आणि इंग्रजीचं कोरियन होईस्तोवर बोलण्यातला जीवच जातो. आयुष्यभराची आठवण म्हणून ते एवढ्या लांबून येताहेत, त्यांनी मुक्यानं चालावं हे मला पटत नाही. म्हणून दोन्ही भाषा थेट येणारा आणि पायी चालू शकणारा माणूस हवा. मला दोन्ही भाषा येत नाहीत, मग त्याची पारख कशी करू?

आणखी एक. एका पाहुण्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आपल्याकडे भाजी-चटणीत कूट असतोच. ही गोष्ट कुठेही अर्धवट पोचायला नको.

प्रतिसाद

भाऊ, भारतात ही जोडी दुर्मीळ आहे. दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ), दोन्हीकडे स्पॅनिश आणि कोरियन शिकवतात. तिथल्या विभागांना लिहा, दोन्ही शिकलेलं कुणी निघू शकतं. दक्षिण कोरियात सोलच्या हानकुक विद्यापीठात दुभाष्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तिथेही विचारा.

स्पॅनिशची डेले आणि कोरियनची टॉपिक या परीक्षांची प्रमाणपत्रं मागा, पण त्यावरून भाषा कळते, दुभाषेपण कळत नाही. पारख पाहुण्यांनाच करू द्या. एक स्पॅनिश, एक कोरियन आणि उमेदवार यांना व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बोलू द्या. ॲलर्जीचं कार्ड मात्र आधीच मराठीत छापून घ्या आणि प्रत्येक जेवणाआधी स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातात द्या. तिथे दुभाष्याच्या भरवशावर राहू नका.

माणूस नाहीच मिळाला तर फोनवरचा दुभाषा सोलमधला घ्या. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे साडेनऊ. अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्समध्येही स्पॅनिश बोलणारी कोरियन कुटुंबं आहेत, पण तिथे तेव्हा आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात.

धागाकर्ता

आभार भाऊ. आजच तिन्ही विद्यापीठांना लिहितो. मानधन दिवसावर ठरवतात की तासावर? मुक्काम आणि जेवण आमच्याकडे.