जुन्या डीव्हीडी-व्हीसीडी कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, सल्ला हवाय (सांगली)

गावभागातली_सून
नमस्कार मंडळी, सासऱ्यांच्या कपाटात साठेक डिस्क आहेत, काही डीव्हीडी काही व्हीसीडी. लग्नं-मुंजी आहेतच, पण त्यांचा खरा जीव आहे तो ग्रुपने राज्य नाट्य स्पर्धेत केलेल्या नाटकांच्या शूटिंगमध्ये, त्यातले काही जण आता नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. २०१९ च्या पुरात खालचा खण भिजला होता, तिथल्या डिस्कवर अजून गाळ आहे. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. एका स्टुडिओत एक डिस्क देऊन बघितली तर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर इतकी दाबलेली फाइल पाठवली की चेहरे ओळखू येईनात. घरी जमेल का हे?

मिरज_पॅसेंजर
जमेल की, आणि घरीच करा. यूएसबीचा बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर दोन हजारांच्या आसपास मिळतो. मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते डीव्हीडीतलं चित्र-आवाज जसंच्या तसं उचलून एका फाइलीत ठेवतं, क्वालिटी एक पैशाने कमी होत नाही. व्हीसीडीचं वेगळं, त्यात एमपेगएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाइल कॉपी करायची, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते.

कृष्णाकाठ
एवढा खटाटोप कशाला? हँडब्रेक नावाचं व्हिडिओ लहान करायचं सॉफ्टवेअर आहे, त्याने सरळ एमपी४ करून टाका, जागा पण कमी लागते.

मिरज_पॅसेंजर
@कृष्णाकाठ हँडब्रेक मीही वापरतो, पण ते नंतर. साध्या डीव्हीडीत मावतंच ४.७ जीबी, म्हणजे साठ डिस्क काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी तीनशे जीबीच्या आत, एक टीबीच्या हार्डडिस्कमध्ये आरामात बसतं, मग आहे ते चित्र दाबायचं कशाला. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र मुळातच ७२० बाय ५७६ चं, त्यात बहुतेक शूटिंग इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेघांची दोन अर्धी चित्रं मिळून एक चित्र, त्यामुळे नटाने हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस लावलं की त्या जातात, पण सेटिंग चुकलं आणि मूळ फाइल नसली तर परत पहिल्यापासून, आणि तोवर डिस्क वाचेलच असं नाही. मूळ फाइली दोन हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी, तुमचा गावभाग पुराच्या पट्ट्यात आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. नातेवाइकांना पाठवायला एमपी४ करा.

हरभट_रोड
ताई, गाळ कोरडा असताना पुसू नका हां, त्यातली बारीक रेती ओरखडे पाडते. साध्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब चालेल, मग मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ टिपायचं, गोल गोल अजिबात नाही. वाळवायचं सावलीत. डीव्हीडीत डेटाचा थर दोन प्लॅस्टिकच्या मधे असतो त्यामुळे ती बरीच सोसते, व्हीसीडीत तो नाव लिहितो त्या बाजूला, वरच्या लाखेच्या लगेच खाली असतो, म्हणून तिच्यावरचं स्टिकर ओढून काढायला जाल तर चंदेरी पापुद्रा पण निघून येईल, राहू दे ते तसंच.
आणि नाटकं आधी घ्या, लग्नाच्या कॉप्या नातेवाइकांकडे सापडतील. एखादी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एकाला न वाचलेली दुसऱ्याला वाचता येते. तरी नाहीच तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर, ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागा नोंदवून ठेवतं आणि नंतर वेगळ्या ड्राइव्हवर तेवढ्याच जागा परत वाचता येतात.

गावभागातली_सून
खूप आभार सगळ्यांचे. ड्राइव्ह आणला, खालच्या खणातल्या डिस्क सांगितल्या तशा धुतल्या, एका नाटकाचे दोन अंक पूर्ण आले! सासरे स्क्रीनला डोळे लावून एकेकाचं नाव सांगत होते, ती नावं मी फाइलीच्या नावातच घालून ठेवली. आता एकच अडलंय, हँडीकॅमच्या छोट्या डीव्हीडी रिकाम्या दाखवतायत, पण मागच्या बाजूला रंगात फरक दिसतो म्हणजे शूटिंग असणार ना?

मिरज_पॅसेंजर
असणार. त्या फायनलाइज केलेल्या नसतील, म्हणजे शूटिंग झाल्यावर दुसऱ्या मशीनला वाचता यावी म्हणून डिस्क बंद करायची शेवटची पायरी राहिली असेल. विंडोज फॉरमॅट करू का विचारेल तेव्हा नाहीच म्हणा. तो हँडीकॅम घरात असेल तर चार्ज करून त्याच्याच मेनूतून फायनलाइज करा, मग कॉम्प्युटर वाचेल. नसेल तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर अशा डिस्क वाचतं, त्यात काय काय दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट इथे टाका, मग बघू.