मदत हवी आहे: कोची, शुक्रवार-शनिवार, सोबत ज्येष्ठ

गुरुवारी रात्री एर्नाकुलमला (कोचीचा मुख्य भूमीवरचा भाग) उतरतोय, रविवारी सकाळी परतीची गाडी. शुक्रवारी फोर्ट कोची, शनिवारी मट्टनचेरी असा बेत आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे चढ-उतार जमत नाही. बेत बरोबर आहे का? मुक्काम कुठे करावा?

प्रतिसाद १
बेत बदला, वार आडवे येतात. मट्टनचेरीचा राजवाडा (डच पॅलेस) शुक्रवारी बंद असतो. परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी पूर्ण दिवस बंद. दोन्ही वास्तू शेजारी असूनही तुम्हाला एका दिवसात मिळणार नाहीत. शुक्रवारी सकाळी दार उघडताच सिनेगॉग गाठा. वास्तू 1568 ची. जमिनीवरच्या निळ्या चिनी फरशा हाताने रंगवलेल्या आहेत, त्या निवांत बघा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. शनिवारी राजवाडा. तो पोर्तुगीजांनी कोचीच्या राजासाठी बांधला, 1663 मध्ये डचांनी दुरुस्त केला, म्हणून हे नाव. खरं वैभव शयनगृहातल्या रामायणाच्या भित्तिचित्रांत आहे. घाई केलीत तर सगळंच हुकेल. मात्र राजवाड्यात जिना आहे, सासूबाईंसाठी लक्षात ठेवा.

मुक्काम फोर्ट कोचीतच करा. तिथून मट्टनचेरी दोन-अडीच किलोमीटर, रिक्षाने जा. भाडं आधी ठरवा आणि ‘वाटेत दुकानात थांबायचं नाही’ हेही तेव्हाच सांगा, नाहीतर कमिशनच्या दुकानांत तास जातो.

प्रतिसाद २
एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला येताना हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रो (बोटसेवा) घ्या. तिचा धक्का तरंगता असल्यामुळे भरती असो वा ओहोटी, बोटीच्या पातळीलाच राहतो. गुडघेदुखीवाल्यांना फार सोयीचं. साध्या सरकारी बोटी स्वस्त, पण त्यांत पाय उचलून चढावं लागतं. शनिवारी संध्याकाळी मेट्रोला रांग लागते, त्या वेळी तिने जाणं टाळा.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार! मग शुक्रवारी दुपारी काय?

प्रतिसाद १
सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. 1539 मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले, थडग्याचा दगड उरला. शुक्रवारीच उरका, रविवारी सकाळी प्रार्थना असते. तिथून मासेमारीची चिनी जाळी जवळच. दोरांना बांधलेल्या दगडांच्या वजनावर अख्खी चौकट वर येते, ती यंत्रणा किनाऱ्यावरून छान दिसते. कोळी दोर ओढायला बोलावतात, नंतर पैसे मागतात. द्यायचे नसतील तर आधीच नम्रपणे नाही म्हणा.